वाचकांचे प्रश्न : सेप्सिसमध्ये रक्ताच्या तपासण्या काय सांगतात?

सेप्सिसबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. बहुतेक पत्रांमागची काळजी सारखीच आहे: घरचं माणूस आयसीयूत आहे, हातात रोजचे अहवाल येतात, आणि त्यातल्या कोणत्या आकड्याला महत्त्व द्यायचं ते कळत नाही. २०१६ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे, जंतुसंसर्गाला शरीर देत असलेला प्रतिसाद ताळ्यावर राहत नाही आणि त्यातून अवयव निकामी होऊन जिवाला धोका निर्माण होतो, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणायचं. म्हणजे तपासण्यांकडून तीन वेगळी उत्तरं हवी असतात. जंतुसंसर्ग आहे का, अवयवांना किती झळ पोचली आहे, आणि उपचार लागू पडताहेत का. या तिन्हींचं उत्तर देणारी एकही तपासणी आज नाही.

प्रश्न : वडिलांना लघवीच्या संसर्गातून सेप्सिस झाला आहे. सकाळी लॅक्टेट ३१ आलं. चारच्या वर म्हणजे धोका असं आम्ही वाचलं होतं, त्यामुळे सगळे हादरलो. संध्याकाळी दुसऱ्या लॅबमधून २.९ आलं. कोणतं खरं मानायचं? (सांगली)

लॅक्टेट म्हणजे पेशी साखर जाळताना तयार होणारा पदार्थ, ऊतींना रक्त कमी पडलं की तो रक्तात वाढतो. तुमचे दोन्ही आकडे खरे असू शकतात. एककं वेगळी आहेत, अहवालात आकड्याशेजारी काय छापलंय ते पाहा. पहिला आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असणार, दुसरा मिलिमोल प्रति लिटरमध्ये. मिलिग्रॅमच्या आकड्याला ९ ने भागलं की मिलिमोल मिळतात, म्हणजे सकाळचे ३१ हे साधारण ३.४ होतात. तुम्ही वाचलेला चारचा आकडा मिलिमोलचा, म्हणजे मिलिग्रॅममध्ये ३६.

३.४ वरून २.९ ही उतरती दिशा बरी आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सकाळपासून संध्याकाळपर्यंत १५ टक्के उतार हा संथ आहे, आणि लॅब बदलल्यामुळे त्यातला काही फरक निव्वळ यंत्रांचा असू शकतो. पुढचे नमुने एकाच लॅबमध्ये, शक्यतो एकाच प्रकारचे म्हणजे दर वेळी धमनीतले किंवा दर वेळी शिरेतले घ्यावेत, अशी विनंती डॉक्टरांना करा. लॅक्टेट वाढलेलं असेल तर साधारण दोन ते चार तासांनी पुन्हा मोजतात.

या आकड्याला एवढं महत्त्व का, तेही सांगायला हवं. पुरेसं सलाइन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर टिकवायला रक्तदाब वाढवणारं औषध चालू ठेवावं लागतं आणि लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर राहतं, त्या अवस्थेला सेप्टिक शॉक म्हणतात. अशा रुग्णांत रुग्णालयातला मृत्युदर ४० टक्क्यांहून जास्त असतो. उलट रक्तदाब ठीक दिसत असताना लॅक्टेट ४ च्या वर असेल, तर तो रुग्ण दिसतो त्यापेक्षा कितीतरी आजारी आहे असं समजून वागावं लागतं. ऊतींना रक्त कमी पडत असल्याची चिन्हं असली की पहिल्या तीन तासांत किलोमागे किमान ३० मिलिलिटर सलाइन सुचवलं जातं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १,८०० मिलिलिटर. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच दुबळं असेल तर मध्ये मध्ये तपासत, थोडं थोडं.

मात्र लॅक्टेट म्हणजे फक्त प्राणवायूचा तुटवडा, असं मानणं चूक. आजारपणाच्या ताणात शरीरातलं ॲड्रेनलिन वाढलं की पेशी साखर जास्त वेगाने जाळतात आणि लॅक्टेट जास्त तयार होतं. यकृत थकलं असेल तर ते साफ होत नाही. ॲड्रेनलिनचं ड्रिप, दम्यासाठी सालब्युटामॉलचं नेब्युलायझर, नुकतीच येऊन गेलेली फीट, मूत्रपिंड बिघडलेलं असताना चालू राहिलेलं मधुमेहाचं मेटफॉर्मिन, यांनीही ते चढतं.

आणि रक्त काढताना होणाऱ्या चुका. नळीत गेल्यावरही रक्तपेशी साखर वापरून लॅक्टेट बनवत राहतात, म्हणून नमुना सोडियम फ्लोराइड असलेल्या राखाडी बुचाच्या नळीत, बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये जायला हवा. एबीजीच्या (धमनीतल्या रक्तातले वायू मोजण्याच्या तपासणीच्या) सिरिंजमधला नमुना पंधरा मिनिटांत यंत्रावर लावावा. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला किंवा रुग्णाला मूठ आवळ-सोड करायला लावली तरी आकडा वर जातो. ज्या हाताला रिंगर लॅक्टेट चालू आहे त्याच हातातून रक्त कधीही काढू नये. त्या बाटलीत लिटरमागे २८ मिलिमोल लॅक्टेट असतं, थोडंसं मिसळलं तरी अहवाल भलताच येतो. अचानक ९ किंवा १० आलं आणि रुग्ण मात्र पूर्वीइतकाच सावध, लघवी चांगली, तर नमुना पुन्हा घ्यावा.

प्रश्न : लॅक्टेट मोजायची सोय नसेल तर? (एक वैद्यकीय अधिकारी, गडचिरोली)

बोटाचं टोक काचेच्या पट्टीने पांढरं पडेपर्यंत दहा सेकंद दाबा, सोडा, आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. तीनच्या वर लागले तर रक्त पोचत नाहीये. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांवर या खुणेकडे दर अर्ध्या तासाने पाहून उपचार केले, उरलेल्यांवर लॅक्टेट पाहून. २८ दिवसांतले मृत्यू पहिल्या गटात ३४.९ टक्के होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के. हा फरक संख्याशास्त्रीय खात्रीच्या किंचित अलीकडे राहिला, पण फुकटची तपासणी महागड्या तपासणीपेक्षा कमी पडली नाही एवढं नक्की. थंड खोलीत आणि थंड पडलेल्या हातावर ती फसवते, हे मात्र लक्षात ठेवा.

प्रश्न : आईचं प्रोकॅल्सिटोनिन पहिल्या दिवशी ४२, तिसऱ्या दिवशी १८ आणि पाचव्या दिवशी १६ आलं. ताप उतरला आहे. तरी डॉक्टर पोटाचा सीटी स्कॅन सुचवताहेत. आकडा कमी होत असताना स्कॅन कशासाठी? (ठाणे)

डॉक्टरांचं बरोबर आहे, स्कॅन लांबवू नका. तुमचे तीन आकडे नीट वाचले तर त्यांच्या शंकेचं कारण त्यातच सापडतं.

प्रोकॅल्सिटोनिन हे जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन संसर्गानंतर तीन ते सहा तासांत वाढू लागतं, दिवसभरात कळस गाठतं, आणि संसर्गाचं मूळ आटोक्यात आलं की साधारण दर चोवीस तासांनी निम्मं होतं. त्या हिशोबाने ४२ चे दोन दिवसांत १० च्या आसपास यायला हवे होते, आले १८. ते एकवेळ चालून गेलं असतं, कारण मूत्रपिंड मंदावलेलं असलं की उतार थोडा संथ होतो. पण त्यापुढच्या दोन दिवसांत १८ वरून १६? ही घसरण थांबली आहे. अशा वेळी कारणं ठरावीक असतात: कुठेतरी पू साठून राहिलाय, मूत्रवाहिनी किंवा पित्तनलिका तुंबली आहे, चालू अँटिबायोटिक त्या जंतूवर चालत नाही, नवा संसर्ग शिरला आहे. पू निघाला नाही तर कितीही भारी औषध दिलं तरी उपयोग होत नाही, म्हणून स्कॅन. पॅरासिटामॉल किंवा स्टेरॉइडमुळेही ताप उतरतो, त्यावर विसंबता येत नाही.

अमेरिकेतल्या तेरा केंद्रांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चौथ्या दिवसापर्यंत प्रोकॅल्सिटोनिन ८० टक्क्यांहून अधिक उतरलं नाही अशा रुग्णांत २८ दिवसांतला मृत्युदर २० टक्के होता, उतरलं त्यांच्यात १० टक्के. पहिला आकडा किती मोठा होता यापेक्षा उतार किती झाला यातून जास्त कळतं. मूत्रमार्गातला खडा अडकून झालेल्या सेप्सिसमध्ये प्रोकॅल्सिटोनिन ८० किंवा १०० सुद्धा येतं, आणि अडथळा मोकळा केल्यावर तो रुग्ण आठवड्यात चालत घरी जाऊ शकतो. न्यूमोनियात ३ च आलं तरी फुप्फुसं व्हेंटिलेटरवर जाऊ शकतात.

या तपासणीचा सर्वांत भक्कम उपयोग अँटिबायोटिक केव्हा थांबवायचं हे ठरवण्यासाठी आहे. रुग्ण सुधारतोय आणि आकडा कळसापासून ८० टक्के उतरलाय किंवा ०.५ च्या खाली गेलाय, अशा वेळी थांबवण्याचा विचार करता येतो. नेदरलँड्समधल्या २०१६ च्या मोठ्या चाचणीत हा नियम पाळल्यावर औषधाचे दिवस ७ वरून ५ वर आले आणि मृत्यू वाढले नाहीत, उलट कमी दिसले. ब्रिटनमधल्या ॲडॅप्ट-सेप्सिस चाचणीत दिवसांची बचत लहान होती, एक दिवसापेक्षा थोडी कमी, पण तीही मृत्युदर न वाढता.

उलट बाजूने हा नियम वापरू नका. सेप्सिसची दाट शंका असेल तर प्रोकॅल्सिटोनिनच्या अहवालाची वाट पाहत पहिला डोस अडवून ठेवणं धोक्याचं आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. शॉक असेल किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल तर तासाभरात औषध. शॉक नसेल आणि निदान धूसर असेल तर झटपट तपासणीसाठी जास्तीत जास्त तीन तास.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे सीबीसी, क्रिएटिनिन, बिलिरुबिन एवढंच होतं. यावरून कोणाला लगेच पुढे पाठवायचं ते ठरवता येईल का? (नंदुरबार)

येईल, आणि बऱ्यापैकी नेमकेपणाने. अवयव किती बिघडलेत हे मोजायला आयसीयूत वापरल्या जाणाऱ्या सोफा गुणांमधल्या रक्ताच्या मुख्य तीन तपासण्या तुमच्याकडे आहेतच. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.२ ला एक गुण, २ ला दोन, ३.५ ला तीन, ५ च्या वर चार. बिलिरुबिन (काविळीची तपासणी) १.२ ला एक, २ ला दोन, ६ ला तीन, १२ च्या वर चार. प्लेटलेट दीड लाखाखाली एक, एक लाखाखाली दोन, ५० हजाराखाली तीन, २० हजाराखाली चार. जंतुसंसर्ग आहे आणि रुग्णाच्या नेहमीच्या स्थितीपेक्षा दोन किंवा अधिक गुण वाढले, तर तो सेप्सिस. तेवढ्यानेच रुग्णालयातल्या मृत्यूची शक्यता १० टक्क्यांच्या घरात जाते. समजा प्लेटलेट ९० हजार, क्रिएटिनिन २.२, बिलिरुबिन १.५, तर पाच गुण झाले. हा रुग्ण बोलत असला, चहा पीत असला तरी वॉर्डात रात्रभर ठेवण्याचा नाही.

“नेहमीच्या स्थितीपेक्षा” हे शब्द विसरू नका. जुना किडनीचा रुग्ण असेल आणि त्याचं क्रिएटिनिन कायमच ३ असेल, तर आजचे ३.१ ही वाढ नव्हे. म्हणून नातेवाइकांकडून जुने कागद मागून घ्या.

क्रिएटिनिनचा एक दोष आहे: ते उशिरा बोलतं. मूत्रपिंडाला मार बसल्यावर ते वाढायला एक-दोन दिवस जातात. भरपूर सलाइन दिल्यावर पातळ होऊन आणखी कमी दिसतं. कुपोषित किंवा म्हाताऱ्या माणसात स्नायूच कमी असल्याने १.० हा आकडाही बिघाड लपवतो. त्याच्या आधी लघवी सांगते. किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर ही किमान पातळी. पन्नास किलोच्या बाईला तासाला २५, सहा तासांत १५०. कॅथेटर घालून पिशवीवर दर तासाला वेळ आणि माप लिहा. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं तरी ती मूत्रपिंडाची तीव्र इजा मानतात, आकडा “नॉर्मल”च्या चौकटीत असला तरीही.

सीबीसीत फक्त पांढऱ्या पेशी वाढल्या का एवढंच पाहू नका. संसर्ग उघड दिसत असताना त्या ४,००० च्या खाली असणं हे बहुतेकदा १८,००० असण्यापेक्षा वाईट लक्षण. प्लेटलेट अनपेक्षित कमी आल्या तर काचपट्टी पाहून घ्या. जांभळ्या बुचाच्या नळीत काहींच्या प्लेटलेट गोळा होतात आणि यंत्र त्या मोजत नाही. तसं दिसलं तर निळ्या बुचाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणावं.

ग्लुकोमीटरने साखर लगेच बघा. सेप्सिसमध्ये, विशेषतः यकृत दुखावलेलं असेल तर, साखर एकदम खाली जाते आणि गुंगी मेंदूच्या संसर्गाची वाटते.

सरासरी रक्तदाब काढायला खालच्या आकड्यात दोन्हींतल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवा. ८४/५० म्हणजे ६१, म्हणजे ६५ च्या खाली. असा रुग्ण पाठवताना आधी सलाइन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या, वेळ चिठ्ठीवर ठळक लिहा. सोय असेल तर त्याआधी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्या, प्रौढांत बाटलीमागे ८ ते १० मिलिलिटर. दोन-तीन मिलिलिटर घातले तर जंतू असूनही सापडत नाहीत. पण कल्चरसाठी डोस पाऊण तासापेक्षा जास्त थांबवायचा नाही.

प्रश्न : भावाला भातलावणीनंतर आठवड्याने ताप आला, डोळे पिवळे, पोटऱ्या दुखतात. प्लेटलेट ६२ हजार. डेंग्यू निगेटिव्ह. प्लेटलेट चढवायच्या का? (सिंधुदुर्ग)

फक्त ६२ हजारांसाठी, रक्तस्राव नसताना, नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली, रक्तस्रावाची जोखीम जास्त असेल तर २० हजारांच्या खाली, आणि प्रत्यक्ष रक्त जात असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल तर ५० हजारांच्या खाली प्लेटलेट देतात.

पण प्लेटलेटच्या पिशव्या शोधण्यात वेळ घालवू नका, कारण तुम्ही लिहिलेलं वर्णन लेप्टोस्पायरोसिसचं (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाचं) आहे, आणि तिथे वेळ फार मोलाचा. त्याच्या अहवालांत एक ठरावीक जुळणी दिसते. बिलिरुबिन बरंच चढलेलं असतं, पण यकृताचे एसजीओटी-एसजीपीटी त्या मानाने थोडेच. क्रिएटिनिन वाढलेलं असतं आणि तरी पोटॅशियम कमी किंवा नॉर्मल. स्नायूंचं सीपीके वाढलेलं. साध्या विषाणूजन्य काविळीत नेमकं उलट, तिथे एसजीपीटी हजारांत जातं. लेप्टोची आयजीएम चाचणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तिच्यावर अडून औषध थांबवू नये. आज क्रिएटिनिन करा, लघवी मोजा, आणि खोकल्यातून रक्त, धाप किंवा लघवी कमी यांपैकी काहीही दिसलं तर डायलिसिस आणि व्हेंटिलेटरची सोय असलेल्या ठिकाणी हलवा.

सेप्सिसमध्ये प्लेटलेटबरोबर आयएनआरही (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) पाहावा लागतो. प्लेटलेट एक लाखाखाली आणि आयएनआर १.४ च्या वर असे दोन्ही एकत्र आले तर रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते आहे असा अर्थ. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि त्यात प्लेटलेट खर्ची पडतात, म्हणून हा बिघाड मूत्रपिंड आणि फुप्फुसांच्या पुढच्या त्रासाची आगाऊ खूण ठरतो.

प्रश्न : सीआरपी फक्त ८ होतं, म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी काका आयसीयूत. लॅब चुकली का? (नाशिक)

बहुधा नाही. सीआरपी हे शरीरात दाह झाला की वाढणारं प्रथिन यकृतात बनतं आणि वाढायला सहा ते बारा तास घेतं, कळस दीड-दोन दिवसांनी येतो. आजाराच्या पहिल्या काही तासांत ते कमी असणं स्वाभाविक आहे. यकृत निकामी असेल किंवा संधिवातासाठी टोसिलिझुमॅब घेतलं असेल तर ते चढतच नाही. इथेही एकक बघा: ८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८० मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि तो आकडा मुळीच कमी नाही. श्वासाचा वेग मिनिटाला २२ च्या वर, नव्याने आलेला गोंधळ, कमी रक्तदाब, यांपैकी काही असताना कोणत्याही सीआरपीच्या भरवशावर रुग्णाला घरी नेऊ नये.

प्रश्न : सेप्सिसमध्ये ट्रोपोनिन वाढलं. हार्ट अटॅक समजायचा का? (बेळगाव)

लगेच नाही. सेप्सिसमध्ये हृदयाच्या स्नायूला थेट इजा होते आणि धमनी न तुंबताही ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूतून रक्तात येणारं प्रथिन) चढतं. किडनी मंदावली असेल तर आणखी. ईसीजी, इको, आणि काही तासांनी पुन्हा ट्रोपोनिन, यावरून फरक कळतो. अटॅक नसला तरी ही वाढ दुर्लक्ष करण्यासारखी नाही. अशा रुग्णांचा पुढचा मार्ग जास्त खडतर असतो, आणि सलाइन देताना जास्त जपावं लागतं.

प्रश्न : इंटरल्युकिन-६, प्रेसेप्सिन, प्रोॲड्रेनोमेड्युलिन अशा नव्या तपासण्या पैसे भरून कराव्यात का? (पुणे)

आपणहून नाही. इंटरल्युकिन-६ सर्वांत आधी वाढतं, पण तितक्याच घाईने उतरतं आणि अपघात, शस्त्रक्रिया यांतही वाढतं. प्रेसेप्सिन लवकर वाढतं, मात्र मूत्रपिंड बिघडलं की त्याचा आकडा विश्वासाचा राहत नाही. प्रोॲड्रेनोमेड्युलिनचा मधला तुकडा रक्तवाहिन्या गळू लागल्याची कल्पना देतो आणि कोणाचे अवयव ढासळतील याचा अंदाज बांधण्यात तो आश्वासक वाटतो. पण त्यावरून उपचार बदलल्याने माणसं वाचतात हे सिद्ध व्हायचं आहे. उपचार बदलणार नसेल तर तपासणीचा खर्च टाळावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

यांच्यापेक्षा मोनोसाइट पेशींच्या आकारातला फरक मोजणारा एमडीडब्ल्यू हा आकडा उपयोगी वाटतो, कारण काही यंत्रांवर तो सीबीसीसोबतच मिळतो, वेगळं रक्त लागत नाही. २० च्या वर असेल तर संशय वाढवावा. कमी असेल म्हणून रुग्णाला घरी सोडू नये.

प्रश्न : पत्नी सेप्सिसमधून वाचली, डिस्चार्ज मिळाला. आता काय तपासत राहावं? (कोल्हापूर)

पहिल्या एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि सीबीसी एकदा करा. रुग्णालयात क्रिएटिनिन वाढलं असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा, लघवीतल्या प्रोटीनसह. किडनी पूर्ववत झाली की कायमची दुखावली, हे साधारण त्या वेळी ठरतं. तोवर डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सीआरपी घरी आल्यावरही थोडं वाढलेलं राहू शकतं, दर चार दिवसांनी ते मोजून जीव टांगणीला लावण्याची गरज नाही. पण उतरलेलं सीआरपी पुन्हा चढू लागलं आणि भूक मेली, थंडी वाजली, तर थांबू नका. सेप्सिसनंतरच्या तीन महिन्यांत पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं एक मोठं कारण नवा संसर्ग हेच असतं. डिस्चार्ज कार्ड, कल्चरचा अहवाल आणि कोणतं अँटिबायोटिक चाललं याची नोंद एका फाइलमध्ये ठेवा. मध्यरात्री कॅज्युअल्टीत जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना पहिला डोस निवडताना तोच कागद सर्वांत जास्त कामाला येतो.